वृद्धाश्रमात विरंगुळ्याचे उपक्रम कसे बसवावेत: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

मराठवाड्यातल्या बहुतेक वृद्धाश्रमांत कॅरम बोर्ड असतो, टाळ-मृदंग असतात, कोणीतरी देणगीत दिलेला टीव्हीही असतो. तरीही दुपारी चारच्या सुमारास आत डोकावले तर निम्मी माणसे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली दिसतात. साहित्य कमी पडते असे क्वचितच घडते. चूक क्रमात असते. आधी कार्यक्रम ठरतो, मग माणसे गोळा केली जातात, आणि कोणाच्या गुडघ्याला काय झाले आहे, कोणाला ऐकू येते, कोणाला मुळात काय आवडते याची चौकशी सर्वांत शेवटी होते, तीही बहुधा कोणी पडल्यावर किंवा रुसून बसल्यावर.

पुढील टप्पे व्यवस्थापक, काळजीवाहक आणि नियमित येणारे स्वयंसेवक यांच्यासाठी आहेत. वीस ते चाळीस निवासी असलेला आश्रम डोळ्यांसमोर ठेवला आहे. पहिल्या तीन टप्प्यांना मिळून साधारण तीन आठवडे द्यावेत आणि तोवर एकही नवा खेळ विकत आणू नये.

टप्पा १: विचारपूस

कागद-पेन घेऊन समोर बसले आणि "तुम्हाला काय आवडते?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते: "काही नको बाबा, तुम्ही म्हणाल ते." आयुष्यभर स्वतःच्या आवडीनिवडीला जागाच न मिळालेल्या माणसाला हा प्रश्न पेचात टाकतो, आणि आश्रमाच्या दारी आल्यावर मागणे करावे की नाही याचा संकोच त्यात भर घालतो. म्हणून आवडीऐवजी दिनक्रम विचारावा. घरी असताना पहाटे उठल्यावर पहिले काम कोणते असे? दुपारची कामे उरकल्यावर कुठे आणि कोणाजवळ बसत होता? गावात तुमच्या हातचे काय नावाजलेले होते? या तीन प्रश्नांतून जे बाहेर येते, ते कोणत्याही छापील अर्जातून येत नाही.

एका वेळी एकाच व्यक्तीशी, ती जिथे रोज बसते तिथेच, पंधरा-वीस मिनिटे बोलावे. हाताला काही काम असेल तर बोलणे सैल होते. मेथी निवडताना किंवा शेंगा सोलताना केलेली विचारपूस कार्यालयातल्या खुर्चीवर केलेल्या विचारपुशीपेक्षा कितीतरी अधिक देते. आंघोळ घालणाऱ्या, वेणी घालणाऱ्या मावशींना स्वतंत्रपणे विचारावे. त्यांना अनेकदा व्यवस्थापकाहून अधिक माहीत असते, फक्त त्यांना कोणी विचारत नाही.

प्रत्येकाचे एक कार्ड करावे आणि त्यावर पुढील गोष्टी लिहाव्यात.

पहिली, हाक. सरसकट सगळ्यांना "आजी" आणि "आजोबा" म्हणणे प्रेमाचे वाटते; पण ज्यांना गावाने आयुष्यभर गुरुजी म्हटले, त्यांना गुरुजीच म्हणावे. कोणी बप्पा असतील, कोणी अण्णा, कोणी अक्का, कोणी खाला. ज्यांना मूलबाळ झाले नाही अशा काही स्त्रियांना "आजी" ही हाक बोचतेही. विचारून घ्यावे.

दुसरी, भाषा आणि लिपी. देगलूर-धर्माबादकडून आलेल्या घरांत तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, तांड्यावरच्या घरात गोरमाटी, अनेक गावांत दखनी बोलली जाते. निजामी राजवटीत शाळेची भाषा उर्दू होती, त्यामुळे वयाची पंच्याऐंशी-नव्वदी गाठलेल्या काही मराठी माणसांनाही उर्दू वाचता येते आणि ते कौशल्य वर्षानुवर्षे तसेच पडून असते. दुसरीकडे, अनेक स्त्रिया शाळेत गेलेल्याच नसतात. ही नोंद नसेल तर पोथीवाचनाच्या मंडळात त्यांच्या हाती पुस्तक देण्याचा अपमानकारक प्रकार घडतो.

तिसरी, केलेले काम: शेती, ऊसतोड, विणकाम, एस.टी.तली नोकरी, दुकान, स्वयंपाक. चौथी, उपवास, नमाज, पूजा यांच्या वेळा. आणि पाचवी, जी बहुतेक ठिकाणी वगळली जाते: काय नको. काहींना भजन नको असते. ते नास्तिक असतात असे नाही. पतीच्या किंवा मुलाच्या जाण्यानंतर देवाशी त्यांचे बोलणे बंद झालेले असते. कारण खोदून काढू नये, "नको" एवढेच लिहावे.

खबरदारी: जुन्या आठवणी काढताना १९४८ची पोलीस कारवाई आणि त्याआधीचा रझाकारांचा काळ, १९७२चा दुष्काळ आणि ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट हे विषय आपण होऊन गटात काढू नयेत. दुष्काळाच्या कामावर खडी फोडल्याच्या आणि सुकडी खाल्ल्याच्या गोष्टी काहीजण हसत सांगतात. त्याच गटात त्या वर्षी घरातले लेकरू गमावलेली बाईही बसलेली असू शकते. कोणी स्वतःहून सांगू लागले तर थांबवू नये, मात्र त्या दिवशी सायंकाळी त्या व्यक्तीकडे पुन्हा एकदा जावे.

तपासणी: निम्म्याहून अधिक कार्डांवर "भजन, टीव्ही" एवढेच लिहिले गेले असेल, तर विचारपूस झालेली नाही असे समजून ती पुन्हा करावी.

टप्पा २: शरीराची बाजू पाहून घेणे

तपासणीस येणाऱ्या डॉक्टरांकडून प्रत्येक निवाशाबद्दल काही नेमके प्रश्न विचारून घ्यावेत: उभे राहून हालचाल चालेल का, हात डोक्याच्या वर नेता येतील का, मांडी घालून बसणे चालेल का, घास गिळताना ठसका लागतो का, आणि कोणत्या औषधाने झोप किंवा चक्कर येते. "तब्येत बरी आहे" या उत्तरावरून उपक्रम ठरवता येत नाहीत.

मांडीचा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. भजन म्हटले की सतरंजी अंथरली जाते आणि ज्याला खाली बसता येत नाही तो आपोआप बाहेर राहतो, किंवा भिडेखातर बसतो आणि नंतर उठता येत नाही म्हणून दोघांनी धरून उठवावा लागतो. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्यांना तर खाली बसणे, मांडी घालणे आणि फार बुटक्या खुर्चीत बसणे डॉक्टरांनी अनेकदा मनाई केलेले असते. म्हणून नियम उलटा करावा: सर्वजण खुर्चीवर, आणि ज्यांना खालीच बसायचे आहे त्यांच्यासाठी बाजूला सतरंजी. खुर्चीला हात असावेत, बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकावेत. प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते, म्हणून ती भिंतीला टेकवून ठेवावी.

मग प्रत्येक कार्डावर एकच शब्द ठळक लिहावा: "बसून", "धरून" किंवा "मोकळे". नव्याने आलेल्या काळजीवाहकालाही तो पाहून कळते की या व्यक्तीला कशात घ्यायचे आणि कशात नाही.

दृष्टी आणि श्रवण यांची खात्री प्रत्यक्ष करून घ्यावी. चष्मा आहे, पण तो कोणत्या वर्षीचा आहे? श्रवणयंत्र पेटीत आहे, पण त्यात सेल आहे का? "आजोबा मिसळत नाहीत" अशी तक्रार असलेल्या अनेक माणसांना प्रत्यक्षात समोरच्याचे बोलणे कळत नसते आणि पुन्हा पुन्हा "काय?" विचारण्यापेक्षा खोलीत बसलेले बरे असे त्यांना वाटते. त्यांच्याशी बोलताना ओरडू नये; ओरडल्याने आवाज फाटतो, शब्द कळत नाहीत. समोर, उजेडात तोंड दिसेल असे बसून, खालच्या पट्टीत आणि सावकाश बोलावे.

टप्पा ३: वेळ आणि जागा ठरवणे

उपक्रमाची वेळ पाहुण्यांच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीने ठरली की उपस्थिती घसरते. आधी औषधांचे वेळापत्रक समोर ठेवावे. लघवीची गोळी सकाळी घेणाऱ्याला पुढचे दोन-तीन तास वारंवार उठावे लागते. त्याला दहा माणसांच्या गोलात मधोमध बसवले तर तो दुसऱ्या दिवसापासून येतच नाही, आणि कारणही सांगत नाही. मधुमेह असलेल्यांचा उपक्रम इन्सुलिन घेतल्यानंतर आणि जेवणाआधी लांबवू नये. कंपवाताच्या रुग्णाचे हात गोळीचा असर असताना चालतात, तीच त्याची वेळ समजावी. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे झटकन उभे राहिले तर चक्कर येऊन पडू शकतात, म्हणून उपक्रम संपल्यावर "चला, उठा" असे एकदम म्हणू नये. आधी पाय हलवून घ्यावेत, मग उभे राहून मिनिटभर खुर्ची धरून थांबावे, मग चालावे.

ऋतूचा विचार मराठवाड्यात टाळताच येत नाही. मार्चअखेरीपासून जूनमध्ये पाऊस पडेपर्यंत पारा चाळीशीच्या पुढे जातो, त्यामुळे अंगणातले सर्व उपक्रम सकाळी साडेआठच्या आत आटोपावेत आणि दुपारी बारा ते चार कोणालाही पत्र्याखाली बसवू नये. वृद्धांना तहान कमी जाणवते, "पाणी हवे का?" असे विचारल्यास बहुतेकजण नाही म्हणतात. न विचारता प्रत्येकाच्या हाती पेला द्यावा. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून दिले जाते, त्यांची नावे मात्र वेगळी ठेवावीत.

जागेबाबत तीन गोष्टी पाहाव्यात: स्वच्छतागृह जवळ आहे का, वाटेत उंबरठा किंवा वायर आहे का, आणि खिडकी बसणाऱ्यांच्या पाठीशी किंवा बाजूला आहे का. खिडकी समोर असली की मोतीबिंदू असलेल्यांना पुढे बसलेल्याचा चेहरा काळा दिसतो. पत्र्याच्या सभागृहात ध्वनिवर्धक लावू नये, आवाज घुमतो. वीज जाणार हे गृहीत धरून आठवड्यातले निम्म्याहून अधिक उपक्रम विजेशिवाय होतील असेच निवडावेत.

टप्पा ४: उपक्रमांची निवड

आता कार्डे समोर पसरावीत आणि पाहावे की कोणत्या चार-पाच गोष्टींभोवती माणसे आपोआप गोळा होतात. सर्वांसाठी एकच मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा सहा ते दहा माणसांचे छोटे गट टिकतात.

*हातचे काम.* माझ्या मते सुरुवात नेहमी येथूनच करावी. खेळायला संकोचणारी माणसे कामाला संकोचत नाहीत. फुलवाती वळणे, तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या शेंगा सोलणे, चिंच फोडून चिंचोके काढणे, लसूण सोलणे, वाकळ शिवणे, उन्हाळ्यात कुरडया-शेवयांच्या वाळवणावर लक्ष ठेवणे ही कामे अनेकींच्या हातांना अजून पाठ आहेत. अट एकच: काम खरे असावे. डाळ आणि तांदूळ मुद्दाम एकत्र करून निवडायला द्यायचे आणि संध्याकाळी पुन्हा मिसळून ठेवायचे, असा प्रकार काही ठिकाणी "हातांना व्यायाम" म्हणून चालतो. दोन दिवसांत ते ओळखले जाते आणि ज्यांनी आयुष्यभर धान्य निवडले त्यांना आपली थट्टा चालली आहे असे वाटते. वाती केल्या तर त्या कोणत्या देवळात गेल्या हे करणाऱ्यांना कळले पाहिजे. लसूण सोलला तर तो त्याच दिवशीच्या फोडणीत पडला पाहिजे.

ऊसतोडीत किंवा शेतमजुरीत हात झिजलेल्या व्यक्तींना बारीक काम जमत नाही; त्यांना सुई न देता झाडांना पाणी घालणे, तुळशीची निगा, मिरची-वांग्याचे वाफे अशी कामे द्यावीत. वाफे जमिनीवर न करता कमरेच्या उंचीच्या कट्ट्यावर किंवा जुन्या टाक्यांत केल्यास वाकावे लागत नाही.

खबरदारी: स्वयंपाकघरातील कामगार कमी आहेत म्हणून निवाशांकडून रोजचे काम करून घेणे हा विरंगुळा नव्हे. ज्याला ते काम मध्येच सोडून उठता येत नाही, ते या यादीतून काढावे.

*जबाबदारी.* हिला साहित्य लागत नाही, तरी हिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. शेतकरी माणसाला पावसाळ्यात जायकवाडी, मांजरा किंवा येलदरी धरणाचा पाणीसाठा वर्तमानपत्रातून पाहून फळ्यावर लिहायचे काम द्यावे. जायकवाडीच्या नाथसागर जलाशयाची पाणीपातळी १५२२ फुटांच्या पूर्ण पातळीकडे सरकू लागली की फळ्याभोवती आपोआप माणसे जमतात आणि दारे उघडणार की नाही यावर वाद होतो. तो वाद हाच उपक्रम. सोयाबीन, तूर आणि कापसाचे भावही असेच लिहावेत. एस.टी.त वाहक असलेल्याकडे हजेरी द्यावी. निवृत्त शिक्षिकेकडे पत्रलेखन द्यावे: ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रे किंवा मोबाइलवरचे निरोप तिने लिहून द्यावेत.

*वाचन.* एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. सुरुवात अग्रलेखाने न करता आपापल्या तालुक्याच्या बातम्यांनी करावी. निधनवार्ता वगळू नयेत. वृद्धांना त्या ऐकायच्या असतात आणि आपण लपवल्या तर ते दुसऱ्याकडून वाचून घेतात. स्वतः वाचणाऱ्यांसाठी अठरा पॉइंटपेक्षा मोठ्या अक्षरांत छापून द्यावे, पिवळसर मॅट कागदावर; चकचकीत कागदावर उजेड चमकतो.

*गाणे.* भजनाबरोबरच जात्यावरच्या ओव्या, भारुडे, हादग्याची गाणी, कव्वाली, लमाणी गीते यांना ठरवून वार द्यावा. मराठवाड्यातल्या वयस्क स्त्रियांकडे शेकडो ओव्या असतात आणि त्या बहुतेक कुठेही लिहिलेल्या नसतात. ओवी आठवत नसेल तर हाताला गती द्यावी: रिकामे जाते नसले तरी ताटात मूठ गोल फिरवली की पुष्कळदा पहिली ओळ येते, दुसरी शेजारीण उचलते.

*खेळ.* सोंगट्या, गजगे, पत्ते आणि कॅरम पुरेसे आहेत. गजगे जमिनीवर खेळण्याचा आग्रह सोडून टेबलावर जाड कापड अंथरावे. सोंगट्यांचा पट कापडावर मोठ्या घरांचा शिवून घ्यावा, रंग एकमेकांपासून ठळक वेगळे असावेत. लहान मुलांची चित्रे रंगवायची पुस्तके आणू नयेत.

*हालचाल.* जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि तोल व ताकद वाढवणारे व्यायाम किमान तीन दिवस करावेत. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी जमेल तेवढे करावे. आश्रमात याचा सोपा मार्ग म्हणजे खुर्चीवर बसून रोज वीस मिनिटे: घोटे वर-खाली, एकेक गुडघा सरळ करून पाच अंक मोजणे, खांदे फिरवणे, मुठी उघडणे-मिटणे, आणि शेवटी "मोकळे" असलेल्यांनी खुर्चीची पाठ धरून टाचा वर उचलणे. श्वास रोखू नये म्हणून अंक मोठ्याने मोजायला लावावेत. छातीत दुखणे, धाप, चक्कर किंवा दरदरून घाम यांपैकी काही दिसले तर तिथेच थांबून डॉक्टरांना कळवावे. मधुमेही असेल तर साखरही लगेच तपासावी.

टप्पा ५: प्रत्यक्ष बैठक घेणे

एक बैठक तीस ते पंचेचाळीस मिनिटांची असावी. फुलवातींची बैठक उदाहरण म्हणून घेऊ, कारण नवख्या स्वयंसेवकाच्या बहुतेक चुका तिच्यात दिसतात.

१. अर्धा तास आधी खुर्च्या अर्धगोलात मांडाव्यात, पुढे कमरेच्या उंचीचे टेबल. कापूस आधीच मोकळा करून छोट्या वाट्यांत ठेवावा. बोटे ओली करायला दुधाची किंवा पाण्याची वाटी प्रत्येक दोघींत एक. पांढरा कापूस पांढऱ्या टेबलावर दिसत नाही, म्हणून खाली गडद कापड अंथरावे.

२. प्रत्येकीला स्वतः जाऊन बोलवावे. घंटा वाजवून किंवा दारातून हाक मारून माणसे येतात ती हजेरी लावायला. पहिल्यांदा नकार आल्यास "बरं, दारातून बघत बसा" एवढेच म्हणावे. काहीजण पाच-सहा बैठका दारातून बघतात आणि मग येतात.

३. स्वयंसेवकाने शिकवायला बसू नये. वाती कशा वळायच्या हे त्यांना माहीत आहे, आपण विचारावे. पाच पाकळ्यांची वात कशी, देठ किती लांब, तुपाची वेगळी आणि तेलाची वेगळी का? वाद झाला तर होऊ द्यावा.

४. ज्या हाताला कंप आहे त्याला कापूस पिंजून मोकळा करायचे काम द्यावे, ज्या डोळ्यांना दिसत नाही त्यांना वळलेल्या वाती स्पर्शाने दहा-दहा मोजून जुडी बांधायचे. कोणी अर्धवट सोडलेले काम तिच्यासमोर पूर्ण करू नये.

५. संपण्याआधी दहा मिनिटे सांगावे. अचानक टेबल आवरल्याने स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्ती बावरतात. झालेले काम सर्वांना दाखवून, पुढची बैठक कोणत्या वारी आहे ते सांगून, पाय हलवून उठावे.

नेहमी होणारी चूक म्हणजे बक्षिसे. वाती वळण्याच्या स्पर्धेत पहिली-दुसरी काढली की उरलेल्या आठजणी पुढच्या वेळी येत नाहीत. दुसरी चूक लहान मुलांशी बोलतात तसा सूर लावण्याची: "चला चला, सगळ्यांनी टाळ्या वाजवा बरं!" असे ज्यांनी घर, शेत आणि दुकान चालवले त्यांना म्हणू नये.

टप्पा ६: पलंगावरचे आणि विसरणारे

जे उठू शकत नाहीत त्यांच्यासाठी उपक्रम म्हणजे भेट. रोज एकाच माणसाने, एकाच वेळी दहा मिनिटे जावे. रोज नवा चेहरा नसावा. पलंगाची जागा खिडकीशी किंवा व्हरांड्याच्या दाराशी केल्याने निम्मे काम होते, कारण रस्ता, अंगण आणि येणारे-जाणारे दिसतात. केसांना तेल लावणे, आकाशवाणीचे परभणी किंवा नांदेड केंद्र लावून सोबत ऐकणे, मुठीत बेल, गवती चहा, ओली माती किंवा ताजी कोथिंबीर देणे हे सर्व चालते. ज्वारीचे कणीस हाती दिल्यावर बोलणे बंद झालेल्या शेतकऱ्याची बोटे आपोआप दाणे काढू लागतात. दाणे तोंडात जाणार नाहीत एवढे पाहावे.

स्मृतिभ्रंश असलेल्यांना "मला ओळखलं का?", "सांगा बघू मी कोण?" असे विचारू नये. आपले नाव आपण सांगावे. तीच गोष्ट ते दहाव्यांदा सांगत असतील तर दहाव्यांदा ऐकावी. दिवेलागणीला अस्वस्थता वाढते, घरी जायचे म्हणून काहीजण दाराशी जातात. त्या वेळेला गर्दीचा कार्यक्रम न ठेवता दिवे लवकर लावावेत आणि हाताला सवयीचे काम द्यावे: टॉवेलच्या घड्या घालणे, ओळखीचे स्तोत्र, तसबीची माळ. "तुमचे घर आता नाही" असे सांगून पटवण्याचा प्रयत्न निष्फळ ठरतो, "घरी कोण कोण असतं?" असे विचारत त्यांच्यासोबत चार पावले चालावे.

टप्पा ७: सण, सहल आणि पाहुणे

सणाला वर्षभराच्या उपक्रमांचे शिखर मानले जाते आणि तिथेच जास्त गोंधळ होतो. लातूर-धाराशिवकडच्या माणसांना वेळ अमावस्येला शेतात जाऊन भज्जी आणि आंबिल हवे असते. ते आश्रमाच्या मागच्या झाडाखाली, कडब्याची खोप, म्हणजे कोपी, उभारून होऊ शकते. बसायला खुर्च्या, सकाळची वेळ आणि कोपीची पूजा कशी करायची हे निवाशांनीच सांगायचे. रमजान ईद आणि बुद्ध पौर्णिमा यांचे नियोजनही तितक्याच आधी करावे. गिळण्याचा त्रास असलेल्यांना चिवडा, शेंगदाणे किंवा कोरडे लाडू देऊ नयेत. मधुमेहींना पुरणपोळी पूर्ण नाकारण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून अर्धी द्यावी.

सहलीसाठी पैठण, परळी, औंढा, तुळजापूर, गंगाखेड, हुजूर साहिब ही नावे निवासीच सांगतात. आदल्या आठवड्यात एका कर्मचाऱ्याने जाऊन पायऱ्या, स्वच्छतागृह आणि सावली पाहून यावी. तुळजापूरला देवळात उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत. ज्यांचे कार्ड "धरून" आहे त्यांच्याबाबत मंदिर प्रशासनाकडे आधी चौकशी करावी. प्रवास एकेरी दोन तासांच्या आत, यात्रेचे आणि पौर्णिमेचे दिवस टाळून. औषधांची पिशवी, कोरडे कपडे, ओळखचिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात. ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी त्या दिवशी आश्रमात काय आहे, हेही ठरलेले असावे. आषाढीच्या आधी शेगावची पालखी परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई या वाटेने जाते. आश्रम त्या रस्त्याजवळ असेल तर सावलीत खुर्च्या मांडून दर्शन घडवणे कोणत्याही सहलीपेक्षा सोपे.

पाहुण्यांबाबत स्पष्ट नियम लेखी लावावेत. वाढदिवसाला केळी वाटायला येणारे गट वीस मिनिटे थांबतात, पंधरा छायाचित्रे काढतात आणि हातात केळे घेऊन माणसाला दोनदा हसायला लावतात. छायाचित्र प्रत्येकाला विचारल्याशिवाय काढू नये, आणि मुलांनी घराबाहेर काढलेल्या माणसाला आपला चेहरा गावातल्या मोबाइलवर फिरावा असे वाटत नसते हे पाहुण्यांना समजावून सांगावे. एकदाच पन्नास विद्यार्थी येण्याऐवजी चार विद्यार्थी दर शनिवारी यावेत, तेच चार यावेत, असे महाविद्यालयाला सांगावे. सहा आठवडे टिकणार नसतील तर सुरुवात करू नये, कारण वाट पाहणारा माणूस वाट पाहत राहतो.

टप्पा ८: नोंदी, मनाची चिन्हे आणि फेरबदल

वहीत "भजन झाले, २२ उपस्थित" असे लिहून काही कळत नाही. प्रत्येक बैठकीनंतर तीन ओळी लिहाव्यात: कोण स्वतःहून आले, कोण मध्येच उठले, कोण आज बोलले. महिन्याच्या शेवटी ज्यांचे नाव एकदाही पहिल्या ओळीत नाही त्यांची यादी काढावी आणि टप्पा १ पासून त्यांच्याशी पुन्हा बोलावे. कोणताही उपक्रम चार बैठकांच्या आत बंद करू नये आणि माणसे येत नसतील तर चार बैठकांनंतर ओढू नये.

याच वहीतून मनाची चिन्हेही दिसतात. पूर्वी येणारी व्यक्ती दोन आठवडे येत नाही, जेवण सोडते, पहाटे तीनला उठून बसते, "आता कशाला जगायचं" असे म्हणते, तेव्हा ते वयाचे लक्षण म्हणून सोडून देऊ नये आणि "आजी, भजनाला या, बरं वाटेल" असेही म्हणत बसू नये. डॉक्टरांना दाखवावे, वृद्धापकाळातील नैराश्यावर उपचार होतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते, आणि ज्येष्ठांच्या छळाच्या किंवा सोडून देण्याच्या तक्रारींसाठी एल्डरलाइनचा १४५६७ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेले असावेत.

आश्रमात कोणी गेल्यास अनेक ठिकाणी ते निवाशांपासून लपवले जाते. रुग्णवाहिका सर्वांनी पाहिलेली असते. त्या दिवशीचा खेळ थांबवावा, परंतु दुसऱ्या दिवशीची बैठक रद्द करू नये. सुरुवातीला नाव घेऊन, ज्यांना बोलायचे त्यांना बोलू द्यावे. त्यांची खुर्ची त्याच दिवशी दुसऱ्याला देऊ नये.

उपक्रम सांभाळणारा कर्मचारी नोकरी सोडून जातो आणि त्यासोबत सगळे कोलमडते, हे सर्वत्र घडते. यासाठी कार्डांचा गठ्ठा आणि नोंदवही त्याच्या टेबलाच्या कप्प्यात न ठेवता बैठकीच्या जागीच ठेवावी, साहित्याच्या कपाटाची एक किल्ली निवाशांपैकी कोणा एकाकडे असावी, आणि नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात एकही बैठक घ्यायला न लावता फक्त बसायला, कार्डे वाचायला आणि हाका पाठ करायला सांगावे.